हरवलेला व

९ फेब्रुवारी

ती. आत्या,

('ती' दीर्घच आहे. दोनदा बघितलं.)

फोन करायचा नाही असं तू बजावलं आहेस. फोनवर मी नुसता 'हं, हं' करतो आणि माझं शुद्धलेखन तुला दिसत नाही, म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

आपल्या फुटबॉल क्लबचं मैदान जाणार असं दिसतंय. नगरपालिकेच्या कार्यालयातून पत्र आलं. त्यात लिहिलंय की आपलं मैदान 'पुरेसे वापरात असल्याचे आढळत नाही'. ३१ मार्चच्या संध्याकाळपर्यंत पाचशे सभासदांची यादी वर्गणीच्या पावत्यांसह द्यायची, नाहीतर भाडेपट्टा संपला. सध्या आपले सत्तेचाळीस सभासद आहेत. त्यातले दोन वारले. त्यांची नावं मी खोडलेली नाहीत, कारण एक बाबांचं आहे.

आणि हे सगळं मी सेक्रेटरी झालो त्याच वर्षी. मला सेक्रेटरी केलं तेच मुळी 'याचं अक्षर चांगलं आहे' म्हणून. खेळता मला येत नाही, बोलताही येत नाही.

गुरुवारी लॉन्ड्रीत कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष म्हणजे आपले लॉन्ड्रीवाले काका, ते इस्त्री करता करताच बोलत होते. माणसं मैदानावर कशी आणायची यावर प्रत्येकाने डोकं लढवलं. कप्तानाने (तो प्लंबर आहे, तू त्याला लहानपणी बघितलंस) गाड्या धुऊन वर्गणी मिळवायचं सुचवलं. शनिवारी आम्ही पाच गाड्या धुतल्या. पाचव्या गाडीची काच उघडी होती, हे पाइप सुरू केल्यावर कळलं. दाताच्या डॉक्टरांकडे सोडतीसाठी बक्षीस मागायला गेलो, तर ते म्हणाले, एक दात फुकट काढून देतो. सोडतीची तिकिटं एकानेही विकत घेतली नाहीत. शेवटी काकांनी स्वतःच जाहीर केलं की सामन्यात आपला एक गोल झाला तर प्रत्येक प्रेक्षकाच्या एका शर्टाला इस्त्री फुकट. यावर गोलकीपर म्हणाला, "काका, हुशार आहात. गेल्या मोसमात आपण तीनच गोल केले, त्यातला एक आपल्याच जाळ्यात." गोलकीपरला सगळे 'भिंत' म्हणतात. मागच्या वर्षापासून 'खिडकीवाली भिंत' म्हणतात.

टायरवाले शेठ पण येऊन गेले. त्यांचं म्हणणं सोपं आहे. त्यांच्या दुकानातले आणि गोदामातले सगळे कामगार मिळून पाचशेचा आकडा ते एका दिवसात भरून देतील. बदल्यात क्लबला त्यांच्या दुकानाचं नाव द्यायचं, जर्सीवर टायरचं चित्र, आणि उत्तरेकडचा गोल आहे तिथपर्यंतची जागा गोदामाला. म्हणजे एका गोलाचं मैदान उरेल. काका म्हणाले, विचार करून सांगतो. ते असं म्हणाले याची मला भीती वाटते.

३० मार्चला रविवारी मोसमातला शेवटचा सामना आहे, तोही पहिल्या नंबरच्या संघाशी. गेटवरच सभासदाची पावती फाडायची असं ठरलंय. कोपऱ्यावरच्या भिंतीवर मोठी पाटी लावू, रंगकाम माझं, दुकानात रोज पाट्याच रंगवतो ना. पण पाटीवर काय लिहायचं ते सुचत नाही. काय करावं कळत नाही. तू या क्लबच्या जर्सी शिवल्यास, पहिलं पत्रकही तूच लिहिलं होतंस असं बाबा सांगायचे. एक वाक्य दे. तू देशील ते मी अक्षर न अक्षर तसंच उतरवीन.

तुझा,
वेलांटी


१५ फेब्रुवारी

वेलांटी,

पत्र पोचलं. काय करावं कळत नाही, काय करावं कळत नाही. अरे, पत्र लिहायला बसलास ना, मग कळतंय की.

टायरवाल्याला सांग, एका गोलाचं मैदान म्हणजे एका बाहीची जर्सी. मी तसलं काही शिवत नाही.

तुम्ही सगळे विनवण्या करत फिरताय हेच चुकतंय. कृपया यावे, कृपया सहकार्य करावे. कोण येणार तसल्या ठिकाणी? लोकांना कीव नको असते, तमाशा हवा असतो. छाती काढून लिही. समोरच्या पहिल्या नंबरवाल्यांच्या पोटात गोळा आला पाहिजे. हे घे:

आम्ही हरणार. बघायला या.

बस, एवढंच. खाली तारीख. फुलं-पानं काढू नकोस, सावली देऊ नकोस, लाल रंगात भरभक्कम अक्षरं काढ. हे वाचून लोक म्हणतील, एवढी मस्ती आली कुठून, जाऊन बघू तरी.

मी बरी आहे. मशीन सध्या झाकून ठेवलंय, तुझ्या वहिनीला आवाज सोसत नाही. खिडकीत बसते. खाली रस्ता आहे, गाड्या आहेत. बाकी काय.

ऱ्हस्व-दीर्घ नीट बघ. मी शिकवलेलं आहे ना, आखूड टाका आणि लांब टाका?

आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्या,

वाक्य मिळालं. दुकानात सगळ्यांना तोंडी सांगितलं, 'आत्याने दिलंय, आम्ही हरवणार, बघायला या.' कप्तान म्हणाला, "पहिल्या नंबरला हरवणार म्हणे. आत्याबाईंना ताप आहे का?" पण हसला. आणि सरावाला पहिल्यांदाच अकराच्या अकरा जण आले.

काम सुरू झालं. आमच्या दुकानात एवढी मोठी पाटी मावत नाही, म्हणून मालकांनी युक्ती सांगितली की एका पत्र्यावर एकच अक्षर काढ, वाळलं की बाजूला उभं कर, भिंतीवर गेल्यावर सगळी जोडू. मी तुझं पत्र समोर खिळ्याला लावलंय. त्यातलं एक अक्षर बघायचं, खडूने चौकोन पाडायचे, काढायचं, मग पुढचं. डोक्यातलं काहीही मध्ये आणायचं नाही. सगळ्यात जास्त काळजी 'म्ही'ची होती. चौदा वेळा बघितली, दीर्घच आहे. 'बघायला'चा घ भरून निघू नये म्हणून वेगळा ब्रश घेतला.

एक गंमत झाली. सुरुवातीला मनात मोजून मी पहिल्या वाक्याच्या मोठ्या अक्षरांसाठी सात पत्रे मागवले होते. तुझ्या पत्राप्रमाणे काढत गेलो तर सहाच लागले. मोजण्यात माझं असंच होतं. उरलेला पत्रा मी मालकांना परत केला. ते म्हणाले, "तुझ्यासारखा माणूस या धंद्यात मिळत नाही."

आत्या, एक लिहू का? वहिनीला मशीनचा आवाज सोसत नाही हे वाचून मला फार राग आला. तुझ्याच लेकाच्या, दादाच्या, शाळेचे गणवेश त्याच मशीनवर शिवले गेले हे तिला माहीत आहे का? तू सांगणार नसशील तर मी लिहितो, अगदी सभ्य भाषेत. तुझ्या पत्रातल्या ओळी सगळ्या उजवीकडे उतरत गेल्यात आणि 'तमाशा' तर 'कीव'वर चढलाय. घरात धड टेबलापाशीही बसू देत नाहीत का?

शेठ परत आले होते. काका 'बघू' म्हणाले. आधी 'विचार करून सांगतो' होतं.

तुझा,
वेलांटी


८ मार्च

आत्या,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितोय. माझ्याकडून फार मोठी चूक झाली आहे.

काल सकाळी पाटी लागली. वर कापड होतं. काकांनी भाषण केलं, दोरी ओढली, कापड खाली आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. कप्तान, भिंत, माझे मालक, सगळे पाटीकडे बघत होते आणि एकालाही काही दिसलं नाही. आम्हाला जे वाचायचं होतं तेच आम्ही वाचलं.

मग कोपऱ्यावर बस थांबली. कंडक्टरने दारातून मान काढली आणि मोठ्याने वाचलं, "आम्ही हरणार. बघायला या." थोडं थांबून म्हणाला, "येतो की. डबा घेऊन येतो."

अख्खी बस हसली. मी पाटीकडे बघितलं. हरणार. तीस फूट लांब, लाल रंगात, सावली न देता. 'व' नाही. ऱ्हस्व-दीर्घ सगळं बरोबर, आणि अख्खं अक्षर गेलेलं.

दुपारपर्यंत गावभर झालं. शाळा सुटल्यावर पोरं पाटीखाली उभं राहून एकसुरात वाचत होती. पहिल्या नंबरच्या संघाच्या मॅनेजरने काकांना फोन करून प्रामाणिकपणाबद्दल आभार मानले. कप्तान मला म्हणाला, "नववीपर्यंत तरी गेला होतास ना? व कितवीत असतो?" भिंत तेवढा म्हणाला, "जाऊ दे रे. खोटं तर नाही ना लिहिलं."

तुझं पत्र मी खिळ्यावरून काढून परत बघितलं. चूक माझीच आहे. तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझं वाक्य चांगलं होतं.

शेठनी निरोप पाठवलाय की नवीन फ्लेक्स ते स्वतःच्या खर्चाने लावतील, त्यांच्या नावासकट. २० तारखेला बैठक आहे. मी राजीनामा लिहून ठेवलाय. 'राजीनामा'त जी दीर्घ, ती तपासली.

वेलांटी


१३ मार्च

वेलांटी,

हसून हसून माझं पोट दुखलं. तुझी वहिनी धावत आली, तिला वाटलं मला काही झालं.

आधी तो राजीनामा फाड. अर्ध्यावर फाडू नकोस, चार तुकडे कर.

आता ऐक. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट आहे. एकदा ऐन सामन्याला आपली सातच माणसं आली. तुझा बाप तेव्हा मैदानावर चुन्याच्या रेषा आखायचा, खेळायचा नाही. तो चुन्याच्या हातांनी, रबरी चपला घालून, आठवा म्हणून उतरला. अकरा गोल खाल्ले. लोक शिट्ट्या मारत घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर हा परत रेषा आखतोय, दोरी लावून, सरळ. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाला, "हरायलाही मैदान लागतं, ताई."

पाटी उतरवायची नाही. ती पाटी या गावात कोणी लावली नसती. सगळे जिंकणार म्हणून सांगतात, तुम्ही एकटेच हरणार म्हणून सांगितलंत आणि वर बोलावलंत. यापेक्षा जास्त मस्ती कुठली असते? मला सांगायला पाहिजे होतं ते याहून वेगळं काय होतं?

आणि हरवलेला व लोकांना शोधू दे. जो पाटीवर नाही तो तुमच्या अकरा जणांच्या छातीवर लावा. मी पाठवते अकरा व, पांढऱ्या कापडावर लाल. मशीनवर जमणार नाही, हातानेच शिवते. वहिनीला बोलू नकोस काही, तिचा काही दोष नाही. तिला पत्रबित्र तर मुळीच पाठवू नकोस.

आत्या


२१ मार्च

ती. आत्या,

राजीनाम्याचे चार तुकडे केले. पण ते बैठकीतच करावे लागले, आधी धीर झाला नाही.

काल लॉन्ड्रीत सगळे होते. शेठ स्वतः आले, खुर्चीवर बसले. फ्लेक्सचं चित्र आणलं होतं. मध्ये टायर, टायरच्या आत चेंडू. शेठ म्हणाले, "हे बघा, मी धंदेवाला माणूस. हरणार म्हणणाऱ्या क्लबचा सभासद कोण होणार? तुमची बदनामी मी झाकतोय, उपकार समजा."

काका इस्त्री फिरवत होते. माझ्या खिशात राजीनामा होता आणि हातात तुझं पत्र. मला वाटलं आता काका 'हो' म्हणणार. मी उभा राहिलो. माझा आवाज कापत होता हे मला ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "शेठ, आम्ही हरतो हे गावाला नऊ वर्षं माहीत आहे. झाकलंय कोणी?"

"मग मिरवायचं असतं का ते?"

"हो," मी म्हणालो. "पाटी लागल्यापासून सरावाला रोज साठ-सत्तर माणसं येऊन उभी राहतात. जुने सभासद धरून दोनशे बारा पावत्या फाटल्या. नऊ वर्षांत आपण 'कृपया यावे' लिहिलं, कोण आलं?"

शेठ हसले. "साठ माणसं थट्टा करायला येतात, बाळा."

"पावती घेऊन करतात."

भिंत फिसकन हसला. मग मी बाबांचं ते वाक्य सांगितलं. चांगलं सांगता आलं नाही, अर्धवटच झालं, पण काकांनी इस्त्री उभी केली. त्यांनी ती उभी केली की ते गंभीर असतात. ते म्हणाले, "त्या सामन्याला मी होतो. आठवा आला तेव्हा मी सातवा होतो." आणि शेठकडे वळून म्हणाले, "मैदान देणार नाही. तुमचा कोट वाळलाय, जाताना घेऊन जा."

शेठ कोट घेऊन गेले. दारात म्हणाले, "एकतीस तारखेला मी कार्यालयात बसलेला असेन." काका म्हणाले, "बसा. खुर्च्या चांगल्या आहेत तिथल्या."

कप्तानाने मला बाहेर गाठलं. माफी वगैरे मागितली नाही, पण माझी सायकल त्याने धरली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत नेली.

आता पार्सलबद्दल. अकरा व मिळाले. कापड छान आहे. दुकानदारांनी पण ही युक्ती उचलली, चपलांच्या दुकानात काचेवर लिहिलंय, 'व इथे नाही, मैदानावर बघा'. जर्सीवर व लावायचं काम मी आणि लॉन्ड्रीवाल्या काकूंनी केलं. दहा जणांना वाटले. अकराव्याच्या पोटातून एक टाका आडवा गेलाय, त्यामुळे त्याचा ब झालाय. मी तो उसवणार होतो, पण भिंतीने हातातून काढून घेतला. म्हणाला, "हा माझा. ब म्हणजे बचाव."

तुझ्या हाताची शिवण मी लहानपणापासून बघतोय, आत्या. तू पट्टी न लावता सरळ रेघ शिवायचीस. यातले चार व वाकडे आहेत, आणि एका जागी सुई त्याच भोकातून पाच वेळा गेलीय. मी काही विचारत नाही. तुला सांगावंसं वाटलं तर सांग. वहिनीबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो.

अजून दोनशे अठ्ठ्याऐंशी हवेत.

तुझा,
वेलांटी


२५ मार्च

वेलांटी,

अक्षर बघून दचकू नकोस. बोलतेय मी, लिहितेय तुझी वहिनी.

शिवण ओळखलीस. तुला शिकवलं हीच माझी चूक.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. दिवाळखोर दुकानासारखं झालंय, दार उघडं पण आत काही दिसत नाही. सात-आठ महिने झाले. सुईत दोरा जाईना तेव्हा मशीन झाकलं आणि वहिनीच्या नावावर ढकललं.

(मला मशीनच्या आवाजाचा कधीच त्रास झाला नाही. उलट तो का बंद झाला म्हणून मीच आईंना विचारत होते. — वहिनी)

तिला मध्ये बोलायची सवय आहे. तर घरात कोणाला कळू दिलं नाही. का, ते विचारू नकोस. आयुष्यभर बोटांवर जगले, आता डॉक्टर डोळ्यात सुई घालणार म्हटल्यावर भीती वाटली. मी भ्याले, बस. तुला छाती काढून लिही म्हणून सांगणारी मी, इथे खिडकीत बसून 'खाली गाड्या आहेत' असं लिहीत होते. गाड्या मला नुसत्या ऐकू येतात.

आधीची तुझी पत्रं भिंगाखाली एकेक शब्द लावत वाचली, परवाचं मात्र वहिनीकडून वाचून घेतलं. कापत्या आवाजात उभा राहिलास ते दोनदा वाचायला लावलं. मग म्हटलं, चल, तारीख घे. ४ एप्रिलला पहिला डोळा.

आता मला एक सांग, आणि सांभाळून घेऊ नकोस. पाटीचं वाक्य मी लिहून पाठवलं होतं. त्या दिवशी मला ओळ दिसत नव्हती, डाव्या हाताचं बोट कागदावर ठेवून अंदाजाने पुढे सरकत होते. त्यात मी व लिहिला होता का? तू दुसऱ्याचं लिहिलेलं चुकीचं उतरवशील हे मला पटत नाही. तू नववीत शाळा सोडलीस, पण शाळेने दिलेली नक्कल कधी चुकली नव्हती. मी काय लिहिलं होतं ते अक्षर न अक्षर कळव.

सामना झाला की लगेच लिही. हरलात तरी.

आत्या


१ एप्रिल

ती. आत्या,

आज तारीख एक आहे, पण यात थट्टा काही नाही.

हरलो. तीन-दोन.

तुला क्रमाने सांगतो. चारचा सामना, तीनलाच फाटकाबाहेर रांग. तो कंडक्टर खरंच डबा घेऊन आला, सोबत बायको, मेहुणा आणि ड्रायव्हर. मी पावत्या फाडत होतो, त्यामुळे पहिला गोल मला फक्त ऐकू आला. तो त्यांचा होता. दुसराही. लोक खूश, पाटीवर लिहिल्याप्रमाणे सगळं चाललेलं. मग आपल्या कप्तानाने चेंडू घेऊन धाव घेतली, आणि त्याच्या छातीवरचं अक्षर बघून कोणीतरी ओरडलं, "वऽऽ". पुढच्या वेळी शंभर जण ओरडले. त्यानंतर आपल्या माणसाच्या पायात चेंडू आला की सगळं मैदान नुसतं "व, व, व". समोरच्यांना कळेना हे काय चाललंय. त्यांचा मॅनेजर पंचांकडे तक्रार करायला गेला, पण अक्षर ओरडण्याविरुद्ध नियम नाही.

त्या गोंधळात कप्तानाने एक गोल केला. मी पावतीपुस्तक टाकून आत धावलो. काकांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं होतं, मला वाटलं आनंदाने. मग दुसरा झाला. दोन-दोन. काका माझ्याजवळ येऊन म्हणाले, "सेक्रेटरी, सहाशे माणसं आहेत. माणशी दोन शर्ट. हरलो तर बरं होईल रे." भिंतीने चार चेंडू अडवले, एक तर तोंडाने. शेवटच्या मिनिटाला तिसरा गेला.

शिट्टी वाजली आणि मला वाटलं, आता लोक उठून जातील. उठले, पण फाटकाकडे गेले नाहीत. माझ्या टेबलापाशी आले. ज्यांनी आत येताना घरातल्या एकाचीच पावती घेतली होती ते उरलेल्यांच्या मागायला लागले. एक म्हातारे म्हणाले, "पुढच्या वर्षी पण हरणार ना? मग माझ्या दोन्ही मुलांची लिही." पावतीपुस्तकं संपली. काकांच्या लॉन्ड्रीच्या बिलबुकावर क्लबचा शिक्का मारून पुढच्या दिल्या.

काल मी, काका आणि कप्तान यादी घेऊन कार्यालयात गेलो. पाचशे अडतीस. शेठ खरंच खुर्चीवर बसलेले होते. साहेबांनी पानं उलटली, आणि एका पानावर थांबून शेठना विचारलं, "हे तुमच्या गोदामातले कामगार ना? नऊ जण आहेत इथे." पत्त्यात चुका नाहीत हे बघून साहेब मला म्हणाले, "ही यादी कोणी लिहिली?" मी म्हणालो, मी. ते म्हणाले, "कुठवर शिकलात?" मी म्हणालो, "नववी." पहिल्यांदाच ते सांगताना मी खाली बघितलं नाही. भाडेपट्टा तीन वर्षांसाठी वाढला. कागदावर लिहिलंय, 'मैदान वापरात आहे'. लॉन्ड्रीसमोर शर्टांची रांग आहे, काका कोणाशी बोलत नाहीत.

यादीत बाबांचं नाव तसंच ठेवलंय. पाचशे अडतीस त्यांना धरून नाहीत.

आता तुझा प्रश्न.

८ मार्चच्या पत्रात मी एक वाक्य खोटं लिहिलं होतं. मी पत्र काढून परत बघितलं हे खरं, पुढचं खोटं. कप्तान आठवडाभर 'व कितवीत असतो' म्हणत होता, तेव्हा ते पत्र माझ्या खिशात होतं. मी कोणाला दाखवलं नाही. मी सांभाळून घेत होतो, तू नको म्हणतेस म्हणून आता लिहितो. तू लिहिलं होतंस:

आम्ही हरणार. बघायला या.

अक्षर न अक्षर. मी तेच रंगवलं आणि लोक तेच बघायला आले.

तो उरलेला सातवा पत्रा मालकांनी मला परत आणून दिला. म्हणाले, व काढ, जागा करून देतो. कमिटीने मत घेतलं, व लावायचा नाही, अकरा विरुद्ध शून्य. पत्रा आता पावसाचं पाणी अडवायला शेडवर टाकलाय.

४ तारखेला घाबरलीस तर घाबर, पण जा. मी रोज त्या पाटीखालून जातो, मलाही अजून भीती वाटते. डोळे बरे झाले की वहिनीला घेऊन ये. बस त्याच कोपऱ्यावर थांबते. खाली उतर, पाटीसमोर उभी राहा आणि मला ती मोठ्याने वाचून दाखव. पदरचं एकही अक्षर घालू नकोस.

तुझा,
वेलांटी